लॅपटॉप घ्यावा कीं जोडणीचा संगणक?

बारावीचा निकाल लागून गेला म्हणजे शाळा सोडून गेलेले दोन-चार जुने विद्यार्थी दर वर्षीं घरीं येऊन भेटतात. कोणास पुण्यास जावयाचें असतें, कोणास नागपुरास, आणि कुशलप्रश्न आटोपले कीं बोलणें बहुधा एकाच विषयावर येऊन ठेपतें : “सर, कोणता संगणक घेऊं?” गेल्या वर्षीं मृग लागण्यापूर्वीं आठच दिवस असाच एक विद्यार्थी आपल्या वडिलांस घेऊन आला. त्यांचें गांव देवळी तालुक्यांतलें; घरची पांच एकर कोरडवाहू कपाशी. मुलास पुण्यास जाऊन ॲनिमेशन, म्हणजे चित्रांस हालचाल देण्याची कला, शिकावयाची होती. त्यानें मोबाइलवर एक काळाभोर गेमिंग लॅपटॉप दाखविला. किंमत पावणेदोन लाख. भाव चढेल या आशेनें घरांत ठेवलेला कापूस अखेर मे महिन्यांत विकला होता; त्याचेच ते पैसे, आणि बियाण्याचे दिवस तर तोंडावर आलेले. मुलगा त्या यंत्राचे गुण वर्णीत होता तोंवर वडील कांहीं बोलले नाहींत. तो थांबल्यावर त्यांनीं मला एवढेंच विचारलें, “सर, किती वर्सं चालन हे?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा एक दाखला आहे. काम हातीं घेण्यापूर्वीं जो बसून खर्चाचा अंदाज करीत नाहीं, त्याचा पायाच तेवढा घातला जातो आणि लोकांचें हसें मात्र पदरीं पडतें, असा त्याचा आशय. संगणकाच्या खरेदींत हा अंदाज किमतीपुरताच करून भागत नाहीं. यंत्र कोठें ठेवणार, त्यास वीज किती लागणार, तें तापल्यावर काय होणार, आणि बिघडल्यास तें कोण उघडणार, इतक्या गोष्टी मोजाव्या लागतात. त्या मुलास जें सांगितलें तेंच येथें थोडें विस्तारानें लिहीत आहें. कारण हाच प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो आणि त्यांत पुष्कळ घरांची वर्षाची मिळकत गुंतलेली असते.

प्रथम या दोन यंत्रांतील भेद पाहूं. जोडणीचा संगणक, ज्यास बाजारांत ‘असेंबल केलेला’ म्हणतात, तो सुट्या भागांचा असतो. गणिताचें काम करणारा प्रोसेसर, सर्व भाग जोडणारा मदरबोर्ड, तात्पुरती स्मृति म्हणजे रॅम, कायमची सांठवण म्हणजे एस.एस.डी., चित्रें उभीं करणारें ग्राफिक कार्ड, वीज वांटून देणारा पॉवर सप्लाय, हें सर्व सामावून घेणारें कॅबिनेट, आणि बाहेर मॉनिटर व कीबोर्ड. प्रत्येक भाग निराळा विकत घेतां येतो, निराळा बदलतां येतो. लॅपटॉपमध्यें हेच सर्व भाग, शिवाय बॅटरी, वहीएवढ्या जागेंत बसविलेले असतात. हें कौशल्य खरोखर स्तुत्य आहे. परंतु जागेची काटकसर फुकट होत नाहीं. तिची किंमत कोठें तरी द्यावीच लागते.

ही गोष्ट आपल्या वर्धेकरांस नवी वाटूं नये. मगनवाडींतील मगन संग्रहालय १९३८ सालीं गांधीजींच्या हस्ते उघडलें. तेथें नाना तऱ्हेचे चरखे पाहावयास मिळतात. चरख्यांतील दोनच प्रकार घ्या. एक पेटी-चरखा, ज्यास येरवडा चरखा म्हणतात. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतांना हा सिद्ध झाला. मिटला कीं लहानशी पेटी होते. प्रवासांत हातीं घेऊन जातां येतो. दुसरा मगन चरखा, प्रभुदास गांधी यांनीं सिद्ध केलेला. हा पायानें चालतो, त्यास दोन चात्या असतात, आणि दोन्ही हात मोकळे राहिल्यामुळें एकाच वेळीं दोन धागे काढतां येतात. मात्र तो काखेंत मारून आगगाडींत बसतां येत नाहीं. या दोहोंत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्नच व्यर्थ आहे. सूत कोठें कांतावयाचें हें कळल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट त्याच इतिहासांतली. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी आजहि वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशें रुपयांच्या आंत असावी; यंत्र निदान वीस वर्षें टिकावें; आणि सालीना दुरुस्तीचा खर्च किमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होऊं नये. यंत्र अजून जन्मासहि आलें नव्हतें, तोंच त्याच्याकडून काय पाहिजे तें लिहून ठेविलें होतें! संगणकास वीस वर्षांची अट घालणें योग्य नव्हे. ती विद्या फार वेगानें बदलते. पण खरेदीस निघण्यापूर्वीं कागदावर चार अटी लिहिण्याची रीत मात्र अनुकरणीय आहे.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. खेळाच्या किंवा चित्रकामाच्या संगणकाची शक्ति मुख्यतः ग्राफिक कार्डावर अवलंबून असते, आणि येथेंच ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते. फसविणारा येथें दुकानदार नसतो, नांव असतें. उदाहरणार्थ, एनव्हिडिया कंपनीनें २०२५ सालीं आर.टी.एक्स. ५०९० या नांवाचें कार्ड काढलें. टेबलावरील संगणकाच्या या कार्डांत २१,७६० कोर आहेत, स्मृति ३२ जी.बी. आहे, आणि त्यास ५७५ वॉटपर्यंत वीज लागते. त्याच नांवाच्या लॅपटॉपच्या कार्डांत कोर १०,४९६, म्हणजे निम्म्याहूनहि कमी. स्मृति २४ जी.बी.; आणि वीज फार तर १७५ वॉट. नांवाचा आंकडा एक, वस्तु मात्र दोन. यांत लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. वहीएवढ्या जागेंत ५७५ वॉटची उष्णता कोंडली तर ती बाहेर टाकणें अशक्य, म्हणून कार्डच लहान करावें लागतें. परंतु घेणाऱ्यास हें ठाऊक पाहिजे.

उलट, मधल्या पायरीवर हें अंतर बरेंच कमी होतें. आर.टी.एक्स. ४०६० या २०२३ सालच्या कार्डांत दोन्ही ठिकाणीं ३,०७२ कोर व ८ जी.बी. स्मृति आहे. टेबलावर तें ११५ वॉट घेतें. लॅपटॉपमध्यें ३५ पासून ११५ वॉटपर्यंत, जशी बनविणाऱ्या कंपनीची योजना असेल तसें. म्हणून लॅपटॉप घेतांना केवळ कार्डाचें नांव विचारून थांबूं नये, “हें कार्ड किती वॉटवर चालतें?” असें अवश्य विचारावें. साठ वॉटवर चालणारें आणि एकशें पंधरा वॉटवर चालणारें कार्ड एकाच नांवानें विकलें जातें. पण दोन बैलांना एकच नांव ठेवल्यानें त्यांचें बळ सारखें होत नाहीं.

वीज आंत गेली कीं तिची उष्णता होते, आणि ती उष्णता बाहेर गेली पाहिजे. शाळेंत आपण शिकलों आहों कीं उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे उष्णता किती वेगानें जाईल, हें त्या दोहोंच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असतें. समजा, चिप ९५ अंशांपर्यंत तापूं दिली आहे. खोलीचें तपमान २५ अंश असेल तर अंतर ७० अंश. आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलींत ४२ अंश असले तर अंतर ५३ अंशच उरतें. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण उष्णता बाहेर टाकण्याची शक्ति सुमारें एक-चतुर्थांशानें घटली. अशा वेळीं यंत्र जळूं नये म्हणून स्वतःचा वेग आपोआप कमी करतें. पावणेदोन लाखांचें यंत्र मग स्वस्त यंत्राच्या चालीनें चालूं लागतें, आणि विद्यार्थी म्हणतो, “सर, लॅपटॉप स्लो झाला.” तो बिघडलेला नसतो, आपला जीव वांचवीत असतो. मोठ्या कॅबिनेटांतहि हाच नियम लागू आहे; परंतु तेथें पंखे मोठे, जागा मोकळी, आणि अंतर कमी झालें तरी हातीं शिल्लक पुष्कळ असते.

आपल्या जिल्ह्यांत याखेरीज धूळ आहे, आणि जिनिंगच्या दिवसांत हिंगणघाटसारख्या ठिकाणीं हवेंत कापसाचें तूस असतें. लॅपटॉपच्या बारीक जाळींत हें तूस बसलें कीं वारा अडतो. जोडणीच्या संगणकाची बाजूची झडप दोन स्क्रू काढून उघडावी व मऊ कुंचल्यानें झाडावी, इतकें सोपें आहे. आणखी एक सूचना : उन्हाळ्यांत आपण घरोघर पाण्याचा कूलर लावतों, त्याच्या ओलसर झोतासमोर कोणताहि संगणक ठेवूं नये.

आतां लॅपटॉपचा मोठा गुण सांगितला पाहिजे. तो गुण म्हणजे बॅटरी. आमच्या खेड्यांतून वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. लिहितां लिहितां दिवे गेले तरी लॅपटॉपवरील काम बुडत नाहीं. जोडणीच्या संगणकास त्यासाठीं यू.पी.एस. घ्यावा लागतो, आणि तेथेंहि हिशेब चुकतो. दुकानांत मिळणारा ६०० व्ही.ए.चा लहान यू.पी.एस. बहुधा ३६० वॉटच देऊं शकतो. भरांत असतांना चारशें वॉट घेणारा संगणक त्यावर तत्काळ बंद पडेल. म्हणून निदान १००० व्ही.ए.चा यू.पी.एस. हिशेबांत धरावा, आणि तोहि काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरत्या थोड्या मिनिटांचाच सोबती आहे हें जाणावें.

तथापि बॅटरीविषयींहि भ्रम नसावा. विमानांत प्रवाशास सहज बरोबर नेतां येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची असल्यामुळें मोठ्यांतल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीहि साधारणतः तिच्या आंतच असते. दोनशें वॉट खाणारें यंत्र शंभर वॉट-तासांवर अर्धाच तास चालेल, हें तिसरीच्या मुलासहि सांगतां येईल. म्हणून बॅटरीवर असतांना गेमिंग लॅपटॉप आपली शक्ति पुष्कळच आवरून धरतो. पूर्ण शक्ति पाहिजे असेल तर त्यास भिंतीशींच बांधावें लागतें. मग हलकेपणाचा उपयोग कितीसा राहिला?

विजेच्या बिलाचा हिशेबहि करूं. चारशें वॉटचा संगणक रोज चार तास चालविला तर दिवसास १.६ युनिट, म्हणजे महिन्यास ४८ युनिट. दोनशें वॉटचा लॅपटॉप तितकाच वेळ चालविला तर २४ युनिट. येथें लॅपटॉप सरस ठरतो, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

पुढचा विचार दुरुस्तीचा व आयुष्याचा. मीं स्वतः एकदां येथेंच चूक केली आहे. दिसावयास सुरेख, पातळ असा एक लॅपटॉप मीं घेतला, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि चार्जर रात्रंदिवस लावून ठेवला. तिसऱ्या उन्हाळ्यांत बोट फिरविण्याची पट्टी वर उचलली गेली. आंतील बॅटरी फुगली होती. तिचा जोड मिळविण्यासाठीं नागपूरच्या दोन फेऱ्या झाल्या, तरी तो मिळाला नाहीं, आणि एका भागावांचून सर्व यंत्र निकामी झालें. उष्णता व सदैव पूर्ण भरलेली स्थिति, या दोन्हींमुळें अशी बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून यंत्रांत सोय असल्यास भरण्याची मर्यादा ऐशीं टक्क्यांवर ठेवावी. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोंचूं अगर दाबूं नये, यंत्राचा वापर थांबवून जाणत्याकडून ती काढवावी.

लॅपटॉपचें ग्राफिक कार्ड प्रायः बोर्डावर कायमचें डाखलेलें असतें. कित्येकांत रॅमहि तशीच. तें गेलें कीं सर्व बोर्ड बदलावा लागतो. जोडणीच्या संगणकांत जो भाग गेला तोच बदलतो, आणि प्रत्येक भागाची हमी निराळी असते. प्रोसेसर व ग्राफिक कार्डावर बहुधा तीन वर्षांची मिळते, तर लॅपटॉपवर बहुधा एका वर्षाची. शिवाय वाढ करतां येते. ए.एम.डी. कंपनीची ए.एम.४ नांवाची बैठक २०१६ सालीं निघाली; तिच्या पुष्कळ जुन्या बोर्डांवर, त्यांतील मूळ आज्ञावली नवी केल्यावर, २०२० सालचा प्रोसेसरहि बसवितां येतो. घर तेंच, फक्त कर्ता माणूस बदलला!

निरनिराळे भाग जुळवून मोठें यंत्र उभें करण्याची ही विद्या आपल्या प्रांतास अपरिचित नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक आपल्याच लोकांनीं आंखून बांधला व तो १९६० सालीं कामास लागला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ सालीं सिद्ध केला. बाहेरून महासंगणक मिळण्यास अडचण आली, तेव्हां ट्रान्सप्युटर नांवाचे लहान प्रोसेसर पुष्कळ संख्येनें एकत्र जुंपून त्यांनीं तें काम साधलें. प्रमाण निराळें, पण तत्त्व तेंच.

तथापि जोडणी करणाऱ्यानेंहि कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. नागपूरच्या सीताबर्डीवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर भाग घ्यावयास गेलें कीं सर्व पैसा ग्राफिक कार्डावर ओतून पॉवर सप्लाय मात्र हलका घेण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. कारण हलका पॉवर सप्लाय स्वतः जातो तेव्हां कित्येकदां महाग भागांसहि बरोबर घेऊन जातो. प्रत्येक भाग बंद खोक्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें आणि पक्कें बिल घ्यावें. बिलावांचून हमी म्हणजे नुसता शब्द. मॉनिटर, कीबोर्ड व यू.पी.एस. यांची किंमत आधींच बेरजेंत धरावी. पुष्कळ जण तीं वगळतात, आणि मग जोडणी स्वस्त पडली असें समजतात. गेल्या वर्षींच्या भावावरहि विसंबूं नये. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकीं चढले आणि अनेकांचे अंदाज कोसळले.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. मीं त्यास कागद दिला आणि चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावयास सांगितलीं : राहणार कोठें? यंत्र रोज हलवावें लागेल काय? कोणतें काम करणार? आणि उन्हाळ्याच्या सुटींत तें कोठें असेल? त्यानें लिहिलें : वसतिगृहांत, एका खोलींत तिघे, वर्गांत रोज न्यावें लागेल, पहिल्या वर्षीं रेखाटन व साधें चित्रकाम, जड काम तिसऱ्या वर्षीं, सुटींत गांवीं. उत्तरें लिहितां लिहितांच त्याचा चेहरा बदलला. वसतिगृहाच्या त्या कोपऱ्यांत जोडणीचा संगणक मावणार नव्हता. आणि पावणेदोन लाखांच्या यंत्राची शक्ति पहिलीं दोन वर्षें केवळ पिशवींतून हिंडणार होती. त्यानें मधल्या पायरीचा, रॅम वाढवितां येईल असा लॅपटॉप जवळजवळ निम्म्या किमतींत घेतला. उरलेल्या पैशांतून बियाणें आलें व वसतिगृहाचा पहिला हप्ता भरला गेला. तिसऱ्या वर्षीं जरूर पडलीच तर त्या वेळच्या भावानें जोडणी करावी, असें ठरलें.

सारांश, माझें मत हें आहे. ज्यास यंत्र रोज बरोबर न्यावयाचें आहे त्यानें लॅपटॉप घ्यावा, पण मधल्या पायरीवरचा. ज्यास पूर्ण शक्तीची खरोखर गरज आहे व बसण्याची जागा कायम आहे, त्यानें जोडणी करावी. अतिउंच किमतीचा गेमिंग लॅपटॉप त्यानेंच घ्यावा, ज्याचें जड काम आणि बिऱ्हाड हीं दोन्ही सतत फिरतीवर आहेत. असे लोक आहेत, पण ते थोडे. इतरांस तो सर्वांत अधिक पैसे घेऊन नांवापेक्षां सर्वांत कमी देतो.

खेळण्यासाठीं संगणक घेणें हा कांहीं अपराध नव्हे. खेळ हीहि देवानें दिलेली गोष्ट आहे. परंतु ज्या पैशांत आईबापांचें एक वर्ष सांठलेलें असतें, तो खर्च करतांना मुलानें एकवार त्यांच्या शेजारीं बसून हिशेब करावा. त्या दिवशीं जातांना त्या गृहस्थांनीं तो चार उत्तरांचा कागद घडी करून आपल्या खिशांत ठेवला. त्यांच्या प्रश्नाचें नेमकें उत्तर मला देतां आलें नाहीं. कोणतेंहि यंत्र किती वर्षें चालेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. परंतु तो प्रश्न मुलानें आपल्या हातानें सोडवावयास घेतला, हें त्यांनीं पाहिलें होतें.